चार अक्षरांमागची गोष्ट

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीच्या पेपरात म्हणी आणि वाक्प्रचार विचारले जातात. त्यामुळे आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत मुले-मुली सकाळ-संध्याकाळ म्हणी पाठ करताना दिसतात. वहीच्या डाव्या बाजूला म्हण, उजव्या बाजूला तिचा अर्थ. मध्ये एक उभी रेघ. उजवी बाजू हाताने झाकायची, डावी वाचायची आणि अर्थ धडाधड म्हणून दाखवायचा. रद्दीवाल्याकडून कुणीतरी एक जुने पुस्तक आणले. त्यात चिनी वाक्प्रचार आणि म्हणी, आणि समोर त्यांचे इंग्रजी अर्थ. मुलांनी त्याच्याही झेरॉक्स काढल्या. आम्ही विचारले, "हे तर परीक्षेला नाही, मग कशाला पाठ करता?" एक मुलगी म्हणाली, "काका, इंग्रजी सुधारतं. आणि भाषणात 'एक चिनी म्हण आहे' असं म्हटलं की समोरच्यावर छाप पडते."

छाप पडते हे खरेच आहे. पण आम्ही दिवसभर कारकुनी करणारे. वहीतली नोंद दिसली की तिच्यामागची पावती शोधण्याची आम्हाला सवय. रक्कम कितीही सुबक अक्षरात लिहिलेली असो, मागे पावती नसेल तर ती नोंद कच्चीच. म्हणून आम्ही त्या पुस्तकातल्या म्हणींच्या पावत्या शोधायला लागलो. ग्रंथालयातून चिनी कथांची इंग्रजी भाषांतरे आणली, रविवारी दुपारी मुलांसोबत वाचली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवावे असे वाटले.

चिनी भाषेत छंगयू नावाचा एक प्रकार आहे. बहुतेक छंगयू चार अक्षरांचे असतात आणि त्यांच्या लिपीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. पण ती चार अक्षरे नुसती जोडून वाचली तर बऱ्याचदा काहीच बोध होत नाही. कारण त्या चार अक्षरांत एक अख्खी गोष्ट बांधलेली असते. गोष्ट ठाऊक असलेला माणूस चार अक्षरे ऐकतो आणि सारे समजतो. आपल्याकडेही असे होतेच. घरात कुणी "नाचता येईना" एवढेच म्हणून थांबले तरी बाकीचे अंगण ऐकणारा मनात पुरे करतो. चिनी लोकांत तर पहिला भाग बोलून दुसरा मुद्दाम गिळायचा असा म्हणींचा एक वेगळा प्रकारच आहे. "मातीचा बोधिसत्त्व नदी ओलांडतो" एवढेच म्हणायचे. पुढचे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे, की त्याचा स्वतःचाच जीव धोक्यात, तो दुसऱ्याला काय तारणार!

काही म्हणी तर आपल्याच घरातल्या वाटाव्यात इतक्या सारख्या आहेत. तहान लागल्यावर विहीर खणणे, हे आपण म्हणतो तसेच चिनी माणूसही म्हणतो. आपला कूपमंडूक तिकडेही विहिरीच्या तळाशी बसून वरच्या वाटोळ्या तुकड्यालाच आभाळ समजतो. अशा म्हणींना इंग्रजी अर्थाची मध्यस्थी लागतच नाही. थेट हात मिळवता येतो.

पण सगळ्या म्हणी इतक्या सरळ नाहीत. सरहद्दीवरच्या म्हाताऱ्याचा घोडा हरवला, अशी चार अक्षरांची एक प्रसिद्ध म्हण आहे. पुस्तकात तिचा इंग्रजी अर्थ दिला आहे 'ब्लेसिंग इन डिसगाइज', म्हणजे संकटाच्या वेषात आलेले सुख. सुमारे २१०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ह्वायनानत्झ या ग्रंथात ही गोष्ट आहे. म्हाताऱ्याचा घोडा पळून सरहद्दीपलीकडे गेला. शेजारी सांत्वन करायला आले. तो म्हणाला, हे वाईटच झाले असे कशावरून? काही महिन्यांनी घोडा परतला आणि सोबत तिकडचे उत्तम घोडे घेऊन आला. शेजारी अभिनंदन करायला आले. तो म्हणाला, हे चांगलेच झाले असे कशावरून? मुलाला घोड्यावर बसण्याचा नाद. तो पडला आणि त्याची मांडी मोडली. शेजारी पुन्हा हळहळले. वर्षभराने लढाई पेटली. धडधाकट तरुण गेले आणि दहातले नऊ मेले. लंगडा मुलगा घरी राहिला म्हणून वाचला.

आता इंग्रजी अर्थ पुन्हा पाहा. तो गोष्टीतला फक्त अर्धा भाग सांगतो, वाईटातून चांगले निघते एवढाच. चांगल्यातून वाईटही निघते, हा दुसरा अर्धा भाग त्याने सोडून दिला. आणि म्हातारा तर यांपैकी काहीच ठासून म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की हिशेब अजून बंद झालेला नाही.

हा फरक आम्हाला पुस्तकापुरता वाटत नाही. आमचे वडील गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा गिरणीत घेतले नाही. त्या काळात घरी येणारे लोक म्हणत, "जे होतं ते भल्यासाठीच होतं." आई आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसायची. चूल थंड असलेल्या घरात असे बोलणे म्हणजे जखमेवर मीठ. त्या चिनी म्हाताऱ्याने आमच्या वडिलांना असे सांगितले नसते. यात तुझे भले आहे असेही नाही आणि तुझे नशीबच फुटके असेही नाही. तो ना देवाचे नाव घेतो, ना पूर्वजन्मीच्या कर्माचे. परिस्थिती बदलत असते, म्हणून आजच शेवटचा निकाल लावू नकोस, एवढेच तो सांगतो. वडिलांनी रात्रपाळीची पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि आम्हाला शाळेतून काढले नाही. निकाल त्यांनी आजच लावला नाही, म्हणूनच आम्ही हे लिहू शकतो.

दुसरी म्हण याहून अधिक कामाची. गायीपुढे छिन वाजवणे. छिन म्हणजे तारांचे एक जुने चिनी वाद्य. पुस्तकात समोर इंग्रजी म्हण लिहिली आहे, 'कास्टिंग पर्ल्स बिफोर स्वाइन', डुकरांपुढे मोती टाकणे. आपल्याकडची गाढवापुढची गीता लगेच आठवते. तिन्हींचा रोख एकच दिसतो: ऐकणारा मूर्ख, त्याला काय कळणार!

या म्हणीवरून अभ्यासिकेत एक प्रसंग घडला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस होते. अभ्यासिकेतल्या एका पदवीधर तरुणाने वस्तीतल्या मातांना माहिती द्यायचे ठरवले. घरकाम करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या चाळीसेक बायका कामे उरकून विहारात आल्या. तरुणाची तयारी चांगली होती. पण तो बोलायला लागला आणि पोर्टल, ऑथेंटिकेशन, व्हॅलिडिटी, अपलोड अशा शब्दांची रांगच लागली. पंधरा मिनिटांत निम्म्या बायका पेंगू लागल्या, दोघी उठून गेल्या. सभा संपल्यावर तो बाहेर येऊन चिडून म्हणाला, "काका, पर्ल्स बिफोर स्वाइन!"

आम्ही त्याला खाली बसवले. म्हटले, "अरे, या वाक्यात डुकरं कोण झाली, पाहिलंस का? आत तुझी आईही बसली होती." पोरगा चपापला. त्याच्या मनात तसे नव्हते. त्याने पाठ केलेला अर्थ त्याच्या तोंडून बाहेर पडला, इतकेच. मग आम्ही त्याला त्या म्हणीची पूर्ण गोष्ट सांगितली.

मोउत्झ नावाच्या विचारवंताच्या एका जुन्या चिनी ग्रंथात ती आहे. हा ग्रंथ म्हणजे चीनमध्ये नव्याने आलेल्या बौद्ध धम्मावर घेतलेल्या आक्षेपांना दिलेली उत्तरे. आक्षेप घेणारे विचारतात, तुम्ही बुद्धाचा मार्ग एवढा थोर मानता, तर मग उत्तरे देताना आमच्याच कन्फ्यूशियस परंपरेतले दाखले का देता? त्याला उत्तर म्हणून ही गोष्ट येते. कुंगमिंग यी नावाच्या वादकाने गायीपुढे एक उच्च दर्जाची रचना वाजवली. गाय मान खाली घालून चरत राहिली. तिला ऐकू येत नव्हते असे नाही, ती रचना तिच्या कानाला लागत नव्हती. मग त्याने तारांवर गोमाश्यांची गुणगुण काढली, चुकलेल्या वासराचे हंबरणे काढले. गायीने शेपूट हलवली, कान टवकारले आणि ती लक्ष देऊन ऐकू लागली.

म्हणजे मूळ गोष्टीत गायीला दोष नाहीच. धडा आहे तो वादकाला. समोरच्याच्या काळजाला जे लागते त्या सुरातून सुरुवात कर, असे धम्म समजावणारा माणूस सांगतो आहे. पुढे ही म्हण ऐकणाऱ्याला हिणवण्यासाठी वापरली जाऊ लागली आणि इंग्रजी अर्थाने तर ऐकणाऱ्याला थेट डुकरांच्या पंगतीत बसवले. गोष्टीचा निम्मा भाग गळाला आणि धडा बरोबर उलटा झाला.

पुढच्या रविवारी त्या तरुणाने सभा पुन्हा बोलावली. या वेळी हातात कॉलेजच्या फीची पावती होती. ती वर धरून त्याने विचारले, "मावशी, एवढे पैसे तुमच्या किती दिवसांच्या कामाचे?" बायकांनी बोटांवर हिशेब केला. कुणी दोन महिने म्हणाले, कुणी तीन. "हे पैसे सरकारकडून मिळू शकतात. त्यासाठी चार कागद लागतात, आणि एकही कागद उशिरा झाला तर वर्ष हातचं जातं." एकही बाई पेंगली नाही. उलट एकीने विचारले, "माझ्या नावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं आणि बँकेत वेगळं. चालंल का?" नेमका तोच प्रश्न अर्ज अडकवतो! तो तिने स्वतःहून विचारला. आया-बहिणी गायी नव्हेत हे सांगायला नको. वासराची हाक मात्र त्यांना पहिल्याच सभेत ऐकू यायला हवी होती.

चिनी बोलीत आपल्याकडच्या गोष्टी किती खोल रुजल्या आहेत हेही या निमित्ताने कळले. आंधळ्यांनी हत्ती चाचपणे ही म्हण चिनी शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ही गोष्ट पाली उदानात आहे आणि ती श्रावस्तीच्या राजाची आहे. 'क्षण' हा आपला शब्द त्यांच्याकडे 'छाना' होऊन रोजच्या वापरात राहिला आहे. पाण्यातला चंद्र काढणे ही म्हण घ्या. पुस्तकात अर्थ दिला आहे व्यर्थ खटपट. मूळ गोष्ट महासांघिकांच्या विनयात येते. चिनी भिक्खू फाहियानला या विनयाची प्रत पाटलिपुत्रात मिळाली. ती घेऊन तो मायदेशी परतला आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बुद्धभद्र या भारतीय भिक्खूच्या साहाय्याने त्याने तिचे भाषांतर केले.

गोष्ट काशी देशातली. पाचशे वानरांच्या पुढाऱ्याला विहिरीत चंद्र दिसला. तो म्हणाला, चंद्र मरून विहिरीत पडला आहे, चला, त्याला बाहेर काढू, नाहीतर जगात कायमचा अंधार होईल. एकाने फांदी धरली, दुसऱ्याने त्याची शेपटी, तिसऱ्याने दुसऱ्याची. फांदी मोडली आणि सगळे पाण्यात पडले. पुढाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. जगाचा अंधार दूर करायलाच तो निघाला होता. पाचशे जणांत एकानेही मान वर करून पाहिले नाही, एवढेच. 'व्यर्थ खटपट' या दोन शब्दांत ना तो पुढारी आहे, ना मागची शेपटी धरणारे. चळवळीत वर्षे घालवलेल्या वाचकांना ही गोष्ट अधिक समजावून सांगायची गरज नाही.

बुद्धाचे नाव असलेली आणखी एक म्हण अभ्यासिकेत फार लोकप्रिय झाली: ऐनवेळी बुद्धाचे पाय धरणे. वर्षभर पुस्तक उघडायचे नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचे, अशा विद्यार्थ्याला चिनी लोक हेच म्हणतात. आमच्या मुलांनी ती कागदावर लिहून भिंतीवर लावली आहे.

आता दुसरी बाजू. इंग्रजीत चिनी म्हण म्हणून फिरणाऱ्या अनेक वाक्यांमागे पावतीच नाही. 'एक चित्र हजार शब्दांच्या तोडीचे' हे वाक्य घ्या. अमेरिकेत फ्रेड बर्नार्ड नावाच्या जाहिरात व्यावसायिकाने १९२७ साली 'प्रिंटर्स इंक' या जाहिरात धंद्याच्या पत्रिकेत 'एक चित्र दहा हजार शब्दांच्या तोडीचे' असे छापले. सोबत चिनी अक्षरे टाकली आणि ही चिनी म्हण आहे असे सांगितले. लोकांनी गांभीर्याने घ्यावे म्हणून पूर्वेचे नाव लावले. खरी चिनी म्हण वेगळी आहे: शंभर वेळा ऐकण्यापेक्षा एकदा पाहिलेले बरे. हान राजवटीतल्या चाओ छुंगक्वो या सत्तरी ओलांडलेल्या सेनापतीचे हे उद्गार. सम्राटाने सरहद्दीवरच्या बंडाचा अंदाज विचारला, तेव्हा दरबारात बसून अंदाज सांगण्याऐवजी स्वतः तिथे जाऊन पाहीन, असे तो म्हणाला. जाहिरातवाल्याचे वाक्य चित्र विकण्यासाठी आहे, सेनापतीचे वाक्य पायपीट करायला सांगते. असली वाक्ये बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या नावावरही रोज मोबाईलवर येतात. म्हणून अभ्यासिकेच्या फळ्यावर आता एक नियम आहे: कुठल्या ग्रंथातले, कुठल्या भाषणातले हे सांगता आले तरच वाक्य लिहायचे.

आणि पावती खरी निघाली म्हणजे म्हण डोक्यावर घ्यावी असेही नाही. 'स्त्रीला विद्या-कला नसणे हाच तिचा सद्गुण' अशी म्हण चीनमध्ये शेकडो वर्षे बोलली गेली. ती अस्सल चिनी आहे आणि तितकीच अन्यायी आहे. विसाव्या शतकात तिला उत्तर देणारे दुसरे वाक्य चीनमध्ये घरोघरी पोहोचले: अर्धे आभाळ स्त्रिया पेलतात. आपल्या मराठीतही जातीवरून आणि बाईवरून माणसाला हिणवणाऱ्या म्हणींची कमतरता नाही. त्या आम्ही येथे छापत नाही. जुनी म्हण शहाणीच असते असे नाही. तिच्यामागची गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली आहे, हेही पाहावे लागते.

शेवटी मूर्ख म्हाताऱ्याची गोष्ट. मूर्ख म्हातारा डोंगर हलवतो, असे ते चार अक्षरी वचन. इंग्रजी अर्थ दिला आहे चिकाटी, इच्छा तेथे मार्ग. गोष्ट अशी. नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या घरासमोर दोन मोठे डोंगर वाट अडवून उभे होते. त्याने घरच्यांना जमवले आणि डोंगर खणून टाकायचे ठरवले. बायकोने व्यवहाराचा प्रश्न विचारला, "एवढी माती टाकणार कुठे?" समुद्रात टाकायची असे ठरले. शेजारच्या विधवेचा दात पडायच्या वयाचा मुलगाही उड्या मारत मदतीला आला. एक शहाणा म्हातारा हसला. त्याला उत्तर मिळाले की मी मेलो तर माझा मुलगा खणेल, त्यानंतर नातू, त्यानंतर त्याची मुले. आमची वंशवेल वाढत जाईल, डोंगर मात्र वाढणार नाही.

जुन्या गोष्टीत शेवटी स्वर्गातला देव खूश होऊन डोंगर हलवून देतो. माओ त्से तुंग यांनी जून १९४५ च्या भाषणात ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्या देवाच्या जागी जनतेला बसवले. त्याआधी १९४० साली श्यू पेईहुंग या थोर चिनी चित्रकाराने याच गोष्टीवर भले मोठे चित्र काढले, तेही भारतात असताना. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून तो शांतिनिकेतनात आला होता. चित्रातल्या खणणाऱ्या माणसांसाठी त्याने भारतीय माणसे समोर उभी केली होती. त्या चिनी डोंगरावर आपल्या देशातल्या कष्टकऱ्यांचे देह कुदळ मारताना दिसतात, हे कळल्यावर आमच्या अंगावर काटा आला.

'इच्छा तेथे मार्ग' यात इच्छा एका माणसाची आहे आणि मार्ग त्याच्याच हयातीत सापडायचा आहे. त्या गोष्टीत तसे नाही. तिथे एका माणसाची इच्छा पुरणारच नाही हे आधीच मान्य केले आहे. आमचे आजोबा अंगठा उठवत. वडील रात्रशाळेत अक्षर शिकले आणि गिरणीत गेले. आम्ही बी. कॉम. होऊन टेबलाशी बसलो. आमची मुलगी आज आमच्यापुढचे वाचते आहे. आजोबांची इच्छा आमच्यापेक्षा कमी नव्हती. त्यांच्या वाट्याला डोंगराचा पायथा आला, एवढेच. त्यांना चिकाटी नव्हती म्हणून ते शिकले नाहीत, असे त्या इंग्रजी अर्थाच्या आधारे कुणी म्हणू शकेल. गोष्टीच्या आधारे तसे म्हणता येणार नाही.

म्हणून वाचकहो, मुलांनी अर्थ जरूर पाठ करावेत. परीक्षेत मार्क त्यालाच आहेत, आणि इंग्रजी आले म्हणूनच आम्हालाही या गोष्टींपर्यंत पोहोचता आले. पण रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या दात पडलेल्या लेकराला जवळ घ्या आणि त्याला गोष्ट सांगा. शेजारच्या विधवेचा मुलगा उड्या मारत येतो तिथे थोडे थांबा. अर्थ त्याचा तो लावील.